धुऱ्याची धुरा

उन्हाळा लागला की आमच्या रिसोड तालुक्यात धुरे पेटतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, तुम्ही ज्याला शेताचा बांध म्हणता तो आमचा धुरा. ज्यातून धूर काढायचा त्याचं नावच धुरा ठेवण्याइतकी दूरदृष्टी आमच्या पूर्वजांपाशी होती. पर्यावरणाची धुराही आम्ही बिनघोर त्याच्याच खांद्यावर टाकली आहे.

मागच्या आठवड्यात अशाच एका धुऱ्यावर बाभूळ पाहिली. कमरेपर्यंत कोळसा, वर चार हिरव्या फांद्या. शेजारी वृक्षारोपणाचा फलक. त्यावरची ‘झाडे लावा’ ही ओळ शाबूत होती, खालची ‘झाडे जगवा’ जळून गेली होती. 2019 च्या पावसाळ्यात राज्यानं 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. अशा संकल्पांतलं नेमकं काय उरतं, ते आगीनं एका ओळीत सांगून टाकलं.

टपरीवर विषय काढला. एक भाऊ समोर फटफटी सुरूच ठेवून चहा पीत होते, कारण बंद केली की पुन्हा किक मारावी लागते. म्हणाले, “यंदा लय तपून रायलं राजेहो! हे सारं अमेरिकेनं केलं. आपल्या एका धुऱ्यानं काय होते?”

भाऊंचं निम्मं खरं आहे. वर्षाकाठी अमेरिकेतल्या माणसाच्या नावावर 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, आपल्या नावावर साधारण 2 टन. पण शेजाऱ्याचं कर्ज मोठं आहे म्हणून आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरत नाही.

दुसरे भाऊ लोणारच्या शेजारधर्माला जागले. “थे उल्का पडली तवा कोनाची फटफटी होती? हवामान त बदलतच रायते!”

बिनतोड! पण हवेनंच आपला जबाब नोंदवला आहे. जिवंत झाडात कार्बन-14 असतो, काळाबरोबर विरत जाणारी एक खूणच. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असल्यानं त्यांच्यातला तो कधीच संपला. आज हवेत नेमकी याच बिनखुणेच्या कार्बनची भर पडते आहे. कारखानदारीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे 280 होते, 2024 मध्ये ते 420 च्या वर गेले. चोर पकडला गेला तो अंगावर खूण नव्हती म्हणून!

सावकाराला निदान दामदुपटीची मर्यादा होती. डिझेलला तीही नाही. किलोभरही वजन नसलेलं एक लिटर डिझेल जाळलं की हवेतला ऑक्सिजन ओढून अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो.

आता युरिया. सोयाबीन हे आमचं नगदी पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र फुकटात घेतात, पेरणीच्या वेळी दिलेला थोडा नत्र त्याला पुरतो. पण शेजाऱ्याचं वावर जरा हिरवं दिसलं की आमच्या पोटात गाठ येते आणि 45 किलोची गोणी फुटते. पिकानं न घेतलेल्या नत्रातला काही भाग जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइड करून सोडतात. किलोला किलो मोजलं तर शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. म्हणजे हेवा शेजाऱ्याचा आणि ताप साऱ्या जगाला.

गवत-धसकटं जाळण्याच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तोही मांडतो. त्यातला कार्बन पुढच्या हंगामाचं पीक बरंचसं परत घेतं. मात्र आगीतून निघालेला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड पीक परत घेत नाही. जमिनीत मुरायचा काडीकचरा राख होतो आणि कार्बन साठवणारी बाभूळ उभी जळते, ते वेगळंच.

हे सगळं सांगून होईतो भाऊंचा दुसरा चहा संपला होता. फटफटी धडधडतच होती. मी म्हटलं, “भाऊ, कर्जमाफी शेतीच्या कर्जाची होते, हवेतल्या बोजाची होत नाही. आज सोडलेल्या धुरातला काही हिस्सा नातवाच्या नातवापर्यंत वर राहणार.”

“मंग आपन काय करावं?”

वाचकहो, तुम्हालाही तेच सांगतो. धुऱ्यावरचं गवत कापून खताच्या खड्ड्यात टाका, युरिया माती तपासून द्या. आणि आजपुरतं, टपरीसमोर गाडी बंद करा. चहाला पाच मिनिटं लागतात, किक मारायला एक क्षण.