पूर्णपिळणवाद : एक विवेचन

गिटारच्या पेडलला नॉब असतात आणि ते फिरवता येतात, इथपर्यंत सर्व विद्वानांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते थांबायचे कुठे यावरून. प्रस्तुत प्रबंधात एका पेडलचा, त्याच्या चार नॉबांचा आणि त्या चारांच्या एकाच सर्वमान्य स्थितीचा विचार केला आहे. विषय क्षुल्लक आहे अशी शंका ज्यांना येईल त्यांनी जुन्या, वापरलेल्या एचएम-२ चा आजचा भाव विचारून यावे आणि मग पुढे वाचावे.

बॉस या जपानी कंपनीने १९८३ मध्ये 'हेवी मेटल' अशा निःसंदिग्ध नावाचे हे एचएम-२ पेडल बाजारात आणले. अंग काळे, अक्षरे नारिंगी. नॉब चार : लेव्हल, डिस्टॉर्शन आणि 'कलर मिक्स'चे दोन, लो व हाय. यातला हाय फसवा आहे. नावावरून तो तीक्ष्ण स्वर वाढवत असेल असे वाटते, प्रत्यक्षात तो फुगवतो एक हजार हर्ट्झच्या आसपासचा प्रदेश, जिथे आवाज नाकात बोलायला लागतो. लो त्याच वेळी तळाशी शंभर हर्ट्झच्या बाजूला भर घालतो. या दोहोंचा विवेकाने मेळ घालावा अशी कर्त्यांची अपेक्षा असणार. एरवी त्यांनी 'मिक्स' कशाला लिहिले असते?

स्टॉकहोमच्या पोरांनी ती अपेक्षा मोडीत काढली. निहिलिस्ट नावाच्या बँडमधला गिटारवादक लेफ कुझ्नेर याला पूर्णपिळण संप्रदायाचा आद्य प्रवर्तक मानतात. त्याने चारही नॉब शेवटपर्यंत पिळले. निहिलिस्ट फुटून एन्टोम्ब्ड झाला आणि 'लेफ्ट हँड पाथ' (१९९०) या अल्बमात ही स्थिती ग्रंथबद्ध झाली. पुढच्याच वर्षी डिस्मेम्बर या बँडच्या 'लाइक अॅन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम'ने तिच्यावर भाष्य लिहिले. दोन्ही ध्वनिमुद्रणे सनलाइट स्टुडिओतली, टोमास स्कोग्सबेर्ग यांच्या हातची. गिटारच्या तारा उतरवलेल्या, आणि त्यातून निघणारा आवाज थेट लाकडाच्या वखारीतला. करवत ओंडक्यात शिरते आहे, मालक गल्ल्यावर बसला आहे, आणि कोणालाही घाई नाही. योगायोग असा की संप्रदाय ऐन भरात असताना, १९९१ मध्ये, कंपनीने पेडलचे उत्पादन थांबवले.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. चारही नॉब कायम पूर्ण पिळलेलेच असतील तर नॉब हवेत कशाला? एक चालू-बंदचे बटण पुरे. आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु आक्षेपक हे विसरतो की जिथे थांबण्याची सोयच नाही तिथे न थांबण्याला काही पुण्य नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरनेही ऐंशीच्या दशकात हेच पेडल पायाखाली ठेवले होते. त्याचा आवाज ऐकता तो वाटेत कुठेतरी थांबत असावा हे उघड आहे. संप्रदाय त्याला पाखंडी म्हणत नाही, नुसता विषय बदलतो.

खरा प्रतिस्पर्धी निराळाच आहे. आयबानेझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमर पेडलचे उपासक ड्राइव्हचा नॉब शून्यावर ठेवतात आणि लेव्हल पूर्ण पिळतात. म्हणजे डिस्टॉर्शनचे पेडल घ्यायचे आणि त्यातले डिस्टॉर्शन तेवढे नाकारायचे. हा शून्यवाद वाटतो तितका खुळा नाही. हे पेडल खर्जाचा भाग छाटून उरलेला सिग्नल जोराने अॅम्पमध्ये ढकलते; तळहात टेकवून छेडलेली तार त्यामुळे गदळत नाही, टकटकीत तुटते. आवाज भारी वाटावा म्हणून त्यातले वजन काढून घ्यायचे! प्रस्तुत लेखकाला हे तर्काने पटते. मनाने तो स्टॉकहोमचाच.

मायक्रोफोनाविषयी स्वतंत्र ग्रंथ लागेल, म्हणून थोडक्यात. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा साधा माइक स्पीकरच्या जाळीला जवळजवळ चिकटवून उभा करतात. शंकूच्या मध्याकडे नेला की आवाज बोचरा होतो, कडेला नेला की मंद. बोटभर सरकला की दुपार वाया. योटेबोरीच्या फ्रेडमन स्टुडिओने एकाऐवजी असे दोन माइक लावले, एक सरळ आणि दुसरा ४५ अंशांत तिरका, आणि जगाला भांडायला आणखी एक कोन मिळाला. शिवाय तीच रिफ दोनदा वाजवायची, एक डाव्या स्पीकरात, एक उजव्या. आळशी माणूस म्हणेल, पहिल्याचीच नक्कल दुसरीकडे टाकू. तसे केल्यास दोन्ही एकरूप होऊन बरोबर मध्यभागी येऊन बसतात. ती भिंतीसारखी रुंदी येते ती दोन वादनांमधल्या बारीक चुकांतून. इतका कर्कश संगीतप्रकार दोन हातांच्या किंचित बेसावधपणावर उभा आहे, याची नोंद सौंदर्यशास्त्राने अजून घेतलेली दिसत नाही.

आता अर्वाचीन काळ. मूळ पेडल दुर्मीळ होताच त्याच्या नकला निघाल्या. जपानी घडणीचे श्रेष्ठ की तैवानी, यावर खंडनमंडन झाले. पुढे अधिक सूक्ष्म प्रश्न आला : सुटे भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात, तेव्हा एका पेडलचे 'पूर्ण' आणि दुसऱ्याचे 'पूर्ण' एकच मानावे काय? जिथे निवड करायला काहीही शिल्लक नव्हते तिथे माणसांनी पुन्हा निवड शोधून काढली.

अखेर २०२१ मध्ये बॉसनेच वाझा क्राफ्ट मालिकेत एचएम-२डब्ल्यू हा नवा अवतार काढला. त्यावर एक जादा स्विच आहे : स्टँडर्ड आणि कस्टम. अभ्यासक तेव्हापासून त्या स्विचवर चर्चा करत आहेत. चार नॉब कुठवर फिरवावेत, हे मात्र अजून कोणी विचारलेले नाही.