जुन्या उशांचे पुण्य

अमेरिकेतील प्राण्यांच्या निवाऱ्यांना जुने टॉवेल, चादरी आणि वर्तमानपत्रांची रद्दी खरोखरच लागते. आंघोळ घातलेला कुत्रा टॉवेलाने पुसता येतो, रद्दी पिंजऱ्यात अंथरता येते. उशा आणि कापूस भरलेल्या रजया मात्र बहुतेक ठिकाणी नाकारतात, कारण कुत्रा त्या फाडतो, आतला कापूस गिळतो, आतडे तुंबते आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाते. तरीही गॅरेज आवरायला काढले की पहिली पिशवी उशांचीच भरते. वर चाक निखळलेली बॅग, कान तुटलेला कप. (कप मांजरासाठी असावा.) दार बंद दिसले तर पिशवी पायरीवर ठेवून दाता पसार होतो. गुप्तदान म्हणतात ते हेच! ती टाकून देण्याचा भुर्दंड निवाऱ्याच्या माथी. दार उघडे असेल तर दात्याला करवजावटीसाठी पावती हवी असते. करखाते सहसा चांगल्या स्थितीतल्या घरगुती वस्तूंवरच वजावट देते आणि वस्तुदानाची वजावट ५०० डॉलरच्या वर गेली की ८२८३ क्रमांकाचा फॉर्म भरायला लावते. डागाळलेल्या उशीची स्थिती ‘चांगली’ ठरवताना दाता मोठ्या मनाचा होतो. काय हवे आणि काय नको, याच्या निवाऱ्यांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. पिशवी भरण्याआधी त्या वाचाव्यात.