दांडी मारणं सोपं नाही

आमदारांच्या गैरहजेरीवर तोंडसुख घेणाऱ्यांनी आधी राज्यघटनेचं कलम १९० उघडावं. परवानगी न घेता एखादा आमदार साठ दिवस सभागृहाच्या सगळ्या बैठकांना गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. वाचायला कडक वाटतं. पण असं घरी बसायला किती चिकाटी लागते, हे लोणी काळभोरच्या पारावर बसून कळायचं नाही.

हिशेबच मांडू. २०२५ साली विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन ३ ते २६ मार्च, पावसाळी ३० जून ते १८ जुलै आणि नागपूरचं हिवाळी ८ ते १४ डिसेंबर. शनिवार, रविवार, धुळवड असं सगळं धरूनही बेरीज ५०. मधले महिने मोजायचे नाहीत. सलग चार दिवसांहून मोठी सुट्टी पडली, तर तीही वगळायची. म्हणजे एखाद्या आमदारानं अख्खं वर्ष विधानभवनाचं तोंड पाहिलं नाही, तरी तो दहा दिवसांनी कमीच पडतो. पुढच्या मार्चमध्येही त्याला तितक्याच निष्ठेनं घरी बसावं लागणार. आणि मध्येच एखाद्या दुपारी सहज म्हणून सभागृहात डोकावला, की सगळी तपश्चर्या पाण्यात. मोजणी पुन्हा एकपासून.

खासदारांनाही असाच साठ दिवसांचा नियम आहे. आपल्या सचिन तेंडुलकरलाही हे जमलं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये राज्यसभेत त्याच्या आणि रेखाच्या गैरहजेरीवरून गलका झाला, तेव्हा उपसभापती पी. जे. कुरियन यांनी धावफलक वाचून दाखवला: सचिनचे ४० दिवस, रेखाचे त्याहून कमी. शंभर शतकं ठोकणारा माणूस साठीच्या वीस अलीकडे! पुढे रजेचा अर्ज आला, मंजूर झाला आणि डाव तिथेच घोषित झाला.

पंजाबचे बरजिंदरसिंग हमदर्द मात्र २००० साली ही मजल मारून गेले. त्यांची राज्यसभेतली जागा रिकामी झाली. ते कोण? 'अजीत' या दैनिकाचे संपादक. एवढ्या मोठ्या देशात कलमाच्या तावडीत सापडावा, तोही आमच्याच धंद्यातला. राजकारण्यांना रजेचा अर्ज करायचं सुचतं, पत्रकाराला नाही.

आता लोणीत या. आमच्या ग्रामपंचायतीच्या सदस्याला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ४० लागू. रजा न घेता सलग सहा महिने मासिक बैठकांना आला नाही, तर सदस्यत्व जातं. एवढ्यावर भागत नाही. रजेशिवाय सलग चार महिन्यांहून जास्त काळ तो गावातच नसला, तरीही जातं. सून बाळंतीण आहे, पोरगा दुबईला आहे, काहीही असो, आधी पंचायतीकडून रजा घ्या. गटारीच्या निविदेवर बोलणारा माणूस गावात दिसलाच पाहिजे, असं कायद्याला मनापासून वाटतं. राज्याच्या अर्थसंकल्पावर बोलणारा पाच वर्षं मतदारसंघात फिरकला नाही, तर घटनेला त्याचं काही वाटत नाही.

तसे आमदार-खासदार लोणीत दिसत नाहीत असंही नाही. तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की सोलापूर रस्त्यावर स्वागताचे फलक लागतात आणि त्यावर सगळ्यांची हजेरी शंभर टक्के असते. जे येत नाहीत, त्यांचे फोटो तर अंमळ मोठेच.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. कलम ४० उचलून जसंच्या तसं विधानभवनाला लावावं. पंचायतीचा नियम सदस्याला 'पद रिकामं झालं' म्हणून थेट घरी धाडतो. आमदाराच्या बाबतीत मात्र सभागृहानं मनावर घ्यायचं असतं. बदल करायचा तर तो दिल्लीत, पण निदान शिफारशीचा ठराव तरी मुंबईत मांडता येईल. मांडताना कामकाज नियमाप्रमाणे चालू हवं, म्हणजे २८८ पैकी एक दशांश, २९ जण सभागृहात हवेत. कँटीनपर्यंत ऐकू जाईल अशी घंटा आहे. वाजवून बघा.