टुडूंग!

(रंगमंचावर टेबल, त्यावर जुना डेस्कटॉप. खुर्चीच्या पाठीला वायरींनी फुगलेली कापडी पिशवी. सूनबाई ओढणी खोचून येते. हातात काडेपेटीएवढा एमपी3 प्लेयर.)

हा आमच्या अण्णांचा प्लेयर. अण्णा म्हणजे माझे सासरे. चार जीबीचा आहे. हसू नका! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे ‘शुभ सकाळ’ त्यात मावणार नाहीत, पण अण्णांचं सगळं नाट्यसंगीत मावतं. शर्टाच्या खिशात कायम. प्ले, पुढे, मागे आणि रेकॉर्डिंगचं लाल, एवढीच बटणं. बाजूला ‘होल्ड’ची खिट्टी. ती सरकवली की खिशात बटणं आपोआप दाबली जात नाहीत. पण अण्णा ती सरकवत नाहीत. म्हणतात, ‘‘टेलिफोन खात्याने आयुष्यभर होल्डवर ठेवलं, आता मी नाही राहणार!’’

तर अष्टमीला आळंदीहून माउलींचं प्रस्थान. अण्णा वारीला निघालेले, आणि त्यांना नवे अभंग भरून हवेत. मी म्हटलं, फोनवर ऐका की. तर म्हणाले, ‘‘फोन आला की अभंग थांबतो. आणि फोन तुझ्या सासूचाच असतो.’’

मी प्लेयर कम्प्युटरला लावला. (लावते. वाट बघते. स्क्रीनकडे, प्लेयरकडे, प्रेक्षकांकडे बघते.) काही नाही. प्लेयरवर बॅटरीचं चित्र मात्र भरतंय. म्हणजे आमच्या घरची वीज खातोय आणि ओळख द्यायला तयार नाही!

आता आपल्याकडे काही बिघडलं की माणसं बोलवावी लागत नाहीत. येतात.

पहिले चिरंजीव. ‘‘आई, याचे दोन मोड असतात. एमएससीवर ठेवला तर पेनड्राइव्हसारखा दिसतो, एमटीपीवर ठेवला तर मीडिया डिव्हाइस म्हणून दिसतो.’’ अण्णा म्हणाले, ‘‘आषाढीला एक आणि कार्तिकीला एक का रे?’’ दोन्ही करून पाहिलं. दोन्हीत दिसेना. जाताना दम देऊन गेला, ‘‘आणि उपटायचा नाही हं! आधी ‘सेफली रिमूव्ह’ करायचं.’’ अरे, आधी येऊ तर दे त्याला!

मग भाऊजी. भाऊजी आयटीत आहेत. आयटीत म्हणजे तिथल्या एचआरमध्ये. त्यांनी डिव्हाइस मॅनेजर उघडलं. ‘‘वहिनी, जुने ड्रायव्हर काढून टाकू, विंडोज नवे घालेल.’’ आणि यूएसबीच्या नावाचं जे दिसेल ते अनइन्स्टॉल करत सुटले. एक उडवलं, दुसरं उडवलं, आणि... (हात माउसवर गोठतो.) माउस मेला. कारण माउस यूएसबीचा! कीबोर्डही यूएसबीचाच! भाऊजी अजून माउस आपटतायत. शेवटी मी बटण दाबून कम्प्युटर बंद केला, परत चालू केला. विंडोजने आपणहून सगळं शोधून जागेवर बसवलं. भाऊजी म्हणाले, ‘‘बघा, झालं की नाही!’’ काय झालं? माउस परत आला. तो सकाळी होताच!

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका. अण्णांच्याच खात्यातून निवृत्त. आले की आधी अण्णांचा पानाचा डबा उघडतात, मग विषय. (सुपारी कातरत) ‘‘पुढच्या पोर्टला लावू नये. मागच्याला लावावं. पुढचं पोर्ट आतून वायरीने लांबवर आणलेलं असतं, करंट कमी पडतो.’’ हे खरं आहे बरं का, कधीकधी पडतो. म्हणून काका टेबलाखाली. नुसते पाय बाहेर. आतून आवाज, ‘‘जात नाही... उलटी आहे... आता सुलटी, तरी जात नाही... अरे, पहिलीच बरोबर होती!’’

सासूबाई लगेच कडाडल्या, ‘‘पिनेला नावं ठेवू नका!’’ त्याचं काय आहे, सासूबाईंचं माहेर बडोदं. आणि यूएसबी ज्यांनी घडवलं त्यांतले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. 1996 साली यूएसबी आलं, पण सासूबाईंना हे गेल्या वर्षी कळलं, तेव्हापासून घरातली प्रत्येक पिन माहेरची. ‘‘दोन्हीकडून लागेल अशी केली असती तर खर्च वाढला असता, त्यांनीच सांगितलंय. आमचे बडोद्याचे लोक हिशेबी!’’

आणि सगळे मिळून एकच वाक्य म्हणतायत, ‘‘चार्ज होतंय ना? मग वायर चांगली आहे.’’

मी आपली ऐकतेय. म्हणजे कम्प्युटरला ऐकतेय. पेनड्राइव्ह लावला की तो म्हणतो, टुडूंग! काढला की, डुंटुक! बिघडलेली वस्तू लावली तरी ‘ओळखता येत नाही’ म्हणून निदान तक्रार करतो. इथे? अवाक्षर नाही. अहो, म्हणजे निरोपच पोचत नाहीये! मी हे बोलले. घरात कुणी ऐकलं? (थांबून) तुम्ही तरी विवाहित दिसताय.

उठले, ही पिशवी काढली. (वायरींचा गुंता उपसते.) माझ्या जुन्या कॅमेऱ्याची वायर. टोक तेच. लावली.

(‘टुडूंग!’ असा आवाज.)

काकांना ते झोंबलं. त्यांनी जुनी वायर उचलली, अडकित्त्यात धरली आणि कच्चकन कापली! साल सोलली. आत लाल आणि काळी. बस. ‘‘हिरवी, पांढरी कुठाय?’’ नाहीतच! लाल-काळीतून वीज जाते, हिरव्या-पांढरीतून गाणी. ही नुसती चार्जिंगची वायर. बाहेरून दिसायला हुबेहूब, आणि तसं कुठे लिहायचीही पद्धत नाही.

असो. ड्राइव्ह उघडला. गाण्यांचा फोल्डर, आणि खाली आणखी एक, ‘व्हॉइस’. खच्चून भरलेला. भाऊजी म्हणाले, ‘‘बघू, भजनं असतील.’’ क्लिक केलं.

(खोकल्याचा आवाज. सूनबाई अण्णांच्या आवाजात.) ‘‘...काय सांगू तुम्हाला, धाकट्याला कम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. आयटीत लागला ही पांडुरंगाची कृपा.’’

बागेतला कट्टा! होल्ड नाही, खिशात लाल बटण दाबलेलं! भाऊजींचं तोंड बघण्यासारखं. काका खो खो हसतायत, तोवर पुढचं, ‘‘आणि तो तिसऱ्या मजल्यावरचा. सल्ला चार आण्याचा, सुपारी खातो चाळीस रुपयांची.’’ काकांनी अडकित्ता हळूच खाली ठेवला. ‘‘आमच्या हिचं तर बडोदं...’’ सासूबाई पुढे सरकल्या. ‘‘...ते जाऊ द्या. आता राहिली सून. तिचं खरं सांगू का...’’

मी आवाज वाढवला. आणि एवढ्यात, गुडघे दुखतात म्हणून सकाळपासून जागचे न हललेले आमचे अण्णा, असे झेपावले, असे झेपावले, की खस्सकन वायर उपटली!

डुंटुक!

चिरंजीव ओरडला, ‘‘आजोबा, सेफली रिमूव्ह!’’

अण्णा प्लेयर खिशात टाकत म्हणाले, ‘‘अरे, तेच तर केलं!’’

(काळोख.)