डोळ्यात भंडारा जाऊ नये म्हणून

जुन्नर-आंबेगावात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की ते मोतीबिंदूचं, हे ठरलेलं. त्याला कारणही तसंच आहे. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी उभं केलेलं नेत्ररुग्णालय आहे. गावोगावच्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यामुळे पुन्हा दिसू लागलं. डॉक्टरांना 2024 साली पद्मश्री मिळाली. डोळ्यांच्या डॉक्टरचं आडनावच डोळे, याचं बाहेरच्यांना भारी नवल. इथल्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण या सगळ्याचा एक परिणाम असा, की आमच्या भागात घराआड एक तज्ज्ञ आहे. ‘बिनटाक्याचं’, ‘भिंग बसवलं’, ‘जाळी आली ती लेझरनं काढली’ हे शब्द शाळेची पायरी न चढलेल्या आज्या सहज बोलतात. पथ्यं तर तोंडपाठ. खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि शिंक आली तर शक्यतो पुढे ढकलायची.

अशा घरात पंचविशीच्या पुतणीनं जाहीर केलं, की मी डोळ्यांचं लेझर करून घेणार आहे. आजीनं सुपातले तांदूळ बाजूला ठेवले.

“एवढ्यात पिकला गं?”

“आजी, मोतीबिंदू नाही. नंबर घालवायचाय.”

“मग चष्म्यानं तुझं काय घोडं मारलं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. लग्नाच्या बायोडेटात रंग, उंची आणि शेती यांच्यामध्ये कुठेतरी चष्म्याचाही रकाना असतो, पण ते कुणी उघड बोलत नाही. शिवाय पुतणीची अडचण खरी होती. चष्मा काढला की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची 45 मीटर व्यासाची तबकडीसुद्धा तिला ढग वाटायची.

आजीला समजावताना माझीही उजळणी झाली. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात. या लेझरमध्ये आतल्या भिंगाला कुणी हात लावत नाही. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, कॉर्निया, त्याचाच बाक बदलायचा. पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, आणि त्यातलाही थोडाच भाग कोरायचा. म्हणूनच येईल त्याला टेबलावर घेत नाहीत. वय अठराच्या पुढे हवं, नंबर वर्षभर तरी स्थिर हवा. पडदा मुळात पातळ असेल किंवा शंकूसारखा पुढे येत असेल, तर डॉक्टर नमस्कार करून घरी पाठवतात. लेन्स वापरणाऱ्यांना तपासणीआधी आठ-पंधरा दिवस लेन्स बंद, कारण तिच्या दाबानं पडद्याचा आकार बदललेला असतो आणि माप चुकू शकतं. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून पडद्यामागचंही बघतात. त्या थेंबांनंतर पुण्याहून एसटीनं येताना पोरीला तिकिटावरचे आकडे वाचता येईनात, आणि ऊन असं टोचत होतं की राजगुरुनगरपर्यंत तिनं ओढणी डोळ्यांवरून काढली नाही.

“पण हे आधी कुणावर करून बघितलंय का?” आजीनं विचारलं. आमच्याकडे नवं बियाणंसुद्धा आधी शेजाऱ्याच्या वावरात बघतात, तेव्हा शंका रास्तच. गंमत म्हणजे तिचं उत्तर खरोखर स्वयंपाकघरातलं आहे. 1981 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण झाला. आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे आपले मद्रासकडचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी त्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर एक्सायमर लेझरचा अतिनील झोत सोडला. मांस कापलं गेलं, पण कड करपली नाही. लेझर म्हणजे जाळणारच, हा समज तिथे मोडला. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्याबरोबर आले आणि गाडी डोळ्याकडे वळली. 2013 साली या शोधासाठी श्रीनिवासन यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातून पदक मिळालं. एवढा इतिहास ऐकून आजी म्हणाली, “म्हणजे कोंबडीवर झालंय. मग हरकत नाही.”

खुद्द ऑपरेशनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तेच त्याचं वैशिष्ट्य. इंजेक्शन नाही, थेंबांनीच डोळा बधिर. पापण्यांना चिमटा लावतात, त्यामुळे मध्येच डोळा मिटला तर काय, ही काळजी मिटते. एक कडं डोळ्यावर दाब देतं, तेव्हा काही क्षण डोळ्यापुढे अंधारून येतं. पडद्याचा वरचा पापुद्रा झाकणासारखा बाजूला करतात आणि मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. टक-टक आवाज, जळक्या केसांसारखा वास. पुतणीनं नंतर सांगितलं की भीती वाटली ती त्या वासाचीच. जळत काही नसतं, हे तिला आधी सांगितलेलं होतं. पण नाकाला कोण सांगणार? डोळा किंचित हलला तर यंत्र त्याच्यामागे जातं, फार हलला तर थांबतं. एका डोळ्याला लेझर लागतो तो काही सेकंद. बाहेर घोडेगावहून जीप करून आलेल्या मंडळींनी दशम्यांचा डबा सोडायच्या आत ती काळा गॉगल लावून दारात उभी. आत्या नाराज झाली. एवढ्या लांबून आलो आणि ऑपरेशन असं उरकलं, म्हणे.

पहिले चार-पाच तास डोळे चुरचुरले, पाणी वाहिलं. झोपून उठल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या दिसू लागल्या. खरं ऑपरेशन तिथून पुढे सुरू होतं आणि ते घरच्यांवर होतं. डोळा चोळायचा नाही, कारण तो पापुद्रा सरकू शकतो. रात्री डोळ्यांवर कवच लावून निजायचं. थेंबांचं वेळापत्रक पाळायचं, डोळ्यात साधं पाणी जाऊ द्यायचं नाही, काजळ तर नाहीच. आत्यानं डोळ्यात घालायला मधाची बाटली आणली होती. ती तशीच परत गेली.

आता आमच्या भागात धूळ आणि धूर चुकवायचा म्हणजे घर सोडायचं का? टोमॅटोच्या हंगामात नारायणगावचा बाजार, कांद्याच्या चाळी, मागच्या पडवीतली चूल. त्यात यात्रा आली, आणि यात्रा म्हणजे बैलगाडा शर्यत. या शर्यतीवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि 2023 साली घटनापीठानं ती कायम केली, तेव्हापासून गावं मधली वर्षं भरून काढत आहेत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेका गाड्याची बारी सुटली की हळदीचा भंडारा असा उधळतात की बैल, गाडामालक आणि पंच एकाच रंगाचे होतात. पुतणीला घाटाच्या आसपास फिरकायला बंदी झाली. ती दूरच्या गच्चीवर गॉगल लावून बसली आणि सेकंदाच्या पाटीवरचे आकडे सगळ्यांच्या आधी ओरडून सांगू लागली. खाली उभ्या चुलत्यांचे डोळे भंडाऱ्यानं भरलेले, त्यांना पाटीच दिसत नव्हती.

रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, डोळे कोरडे पडतात. हे बहुतेकांचं काही आठवड्यांत, काहींचं काही महिन्यांत ओसरतं. नाशिक रस्त्यावर समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला देवासारखी प्रभावळ घेऊन यायची. उसातून जाणाऱ्या रस्त्याला तिच्या भावानं नियम काढून दिला: दोन दिव्यांभोवती कडं दिसलं तर गाडी, नुसतेच दोन दिवे दिसले तर बिबट्या. बिबट्यांच्या तालुक्यात असा नियम कुणी हसण्यावारी नेत नाही.

नाकावर चष्मा वर सरकवायची सवय मात्र गेलेली नाही. बोट जातं आणि रिकाम्या नाकावरून परत येतं. डॉक्टरांनी निघताना आणखी एक बजावलं होतं: चाळिशी चुकणार नाही. ती आतलं भिंग ताठर होऊन येते, आणि त्या भिंगाला तर आपण हातच लावलेला नाही. हे ऐकल्या दिवशीच आजीनं पुतणीचा उणे पाचचा चष्मा पुसून, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला. पोरीला चाळिशीत उपयोगी पडेल म्हणून. जवळचं बघायला उणे नंबर कामाचा नाही, हे सगळ्यांनी सांगून झालं. आजी म्हणते, काच चांगली आहे.