एक न्या, दोन आणा

शनिवारी सकाळी साडेदहाला पुण्यात बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर सॉफ्टवेअरवाल्यांचं ज्ञानवाटप होतं. मीही गेलो होतो. खाली वॉचमनने आधार कार्ड बघितलं, वर एका मुलीने गळ्यात पट्टा अडकवला आणि हातात कापडी पिशवी दिली. पिशवीत एक वही, एक पेन आणि सात स्टिकर. स्टिकर लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवायचे असतात. ज्याच्या लॅपटॉपचा मूळ रंग दिसत नाही, तो सीनियर.

पहिल्या वक्त्याला चाळीस मिनिटं होती. त्यातली अकरा 'अबाउट मी'त गेली. त्यात कुत्रा होता, स्पितीचा ट्रेक होता, फिल्टर कॉफी होती. मग सिस्टिम 'स्केल' कशी करावी ते आलं. म्हणजे बाण आले, चौकोन आले, चौकोनातून ढगाकडे बाण गेले. मी मनातल्या मनात हसणार होतो, पण गेल्या वर्षी याच माइकवर माझ्याही सहा स्लाइड स्वतःवर होत्या आणि त्यातलं मांजर शेजाऱ्यांचं होतं.

शेवटी प्रश्नोत्तरं. पहिला हात वर गेला. 'प्रश्न असा नाहीये, पण मला एक ॲड करायचंय.' दुसरा हात. 'त्यांनी जे ॲड केलं त्यावर थोडंसं.' हॉलमध्ये शंभर-सव्वाशे डोकी असतील. सगळी द्यायला आलेली. लग्नाला सगळ्यांनी आहेराची पाकिटं घेऊन यावं आणि घ्यायला बोहल्यावर कोणी उभंच नसावं, तसं चाललं होतं.

याचं कारण साधं आहे आणि ते एचआरच्या फॉर्ममध्ये सापडतं. हल्ली बढतीच्या फॉर्मवर 'कम्युनिटी कॉन्ट्रिब्यूशन' असा रकाना असतो. त्यात 'एक गोष्ट अडली होती, चौघांना विचारली' असं लिहून चालत नाही. 'सव्वाशे जणांना मार्गदर्शन केलं' हे चालतं. म्हणून अप्रेझलच्या आधीच्या दोन महिन्यांत आमच्या गावात ज्ञान उतू जातं.

अशा सभा अगदी सुरुवातीला ज्यांनी भरवल्या, त्यांच्याकडे रकाना नव्हता. हॉलही नव्हता. ५ मार्च १९७५ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थाच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. निमित्त होतं अल्टेअर ८८०० या घरी जोडायच्या कॉम्प्युटरचं. पुढे यालाच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' नाव पडलं आणि गर्दी वाढली तसं बिऱ्हाड स्टॅनफर्डच्या सभागृहात हललं. तिथे ली फेल्सेनस्टाइन सूत्रधार. त्यांनी सभेचे दोन भाग पाडले. पहिला 'मॅपिंग'चा : उठायचं, आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवंय ते सांगायचं, बसायचं. दुसरा 'रँडम ॲक्सेस'चा : ज्याला जो हवा त्याने त्याला गाठायचं. संपलं. बाण नाहीत, ढग नाहीत.

यातला 'काय हवंय' हा अर्धा भाग आपण कधी गाळला कोण जाणे. आपल्या सभेत आता सगळे पहिलाच अर्धा सांगतात आणि दुसऱ्याच्या वेळी पिझ्झा येतो.

त्या गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी एक लाजाळू मुलगा होता. ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी, डोक्यात टीव्हीच्या पडद्याला जोडायचं टर्मिनल. बाकीचे मायक्रोप्रोसेसरबद्दल बोलत होते आणि ते काही याच्या ओळखीचं नव्हतं. आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटलं, पण निघताना तिथे मिळालेली एका प्रोसेसरची डेटाशीट घेऊन गेला आणि घरी वाचत बसला. हा स्टीव्ह वॉझ्नियॅक. पुढे सभेत उभं राहून बोलण्याची हिंमत त्याला कधी झाली नाही. मग तो स्वतः बनवलेला कॉम्प्युटरच घेऊन यायचा, माणसं आपोआप भोवती जमायची आणि तो सर्किटच्या आकृतीच्या प्रती फुकट वाटायचा. घ्या, घरी बनवा. प्रती नेल्या पुष्कळांनी, बनवला फारच थोड्यांनी. (हे मात्र आपल्याकडेही शाबूत आहे.) तेव्हा त्याचा मित्र जॉब्स म्हणाला, निदान छापील बोर्ड करून विकू. १९७६ साली तो ॲपल-वन ६६६ डॉलर ६६ सेंटला दुकानात आला.

आज हा मुलगा बाणेरला आला असता तर 'अबाउट मी'त काय लिहू या विचाराने लिफ्टमधूनच परत गेला असता.

अर्थात त्या मंडळींना सोवळं नेसवायचं कारण नाही. अल्टेअरसाठी बेसिक (प्रोग्राम लिहायची भाषा) लिहिलं होतं बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी. ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर यायचं आणि त्याला पैसे पडायचे. अशी एक पट्टी १९७५ च्या उन्हाळ्यात पालो आल्टोतल्या हॉटेलमधल्या प्रात्यक्षिकातून 'आली' आणि क्लबातल्या डॅन सोकोल यांनी तिच्या प्रती काढल्या. सभेत खोकं ठेवलं. अट एकच : एक न्या, पुढच्या वेळी दोन आणा. सावकारालाही लाजवील असा व्याजदर, तरी म्हणे लोकांनी तो पाळला. गेट्स वीस वर्षांचा होता, तो चिडला. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने हौशी मंडळींना उघडं पत्र लिहिलं. अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय, आमच्या कष्टाचा तासाचा दर दोन डॉलरही पडत नाही, हा त्यातला हिशेब. म्हणजे ज्ञानदानाची चळवळ रांगायला लागली तेव्हाच 'पण ज्ञान कोणाचं?' ही भानगड दारात उभी होती. मला दोन्ही बाजू पटतात, हे माझं दुर्दैव.

तरी एक गोष्ट त्या खोक्याच्या बाजूने सांगतो. त्यात टाकायला काहीतरी खरं लागायचं. रिकामी पट्टी कोणाच्याच कामाची नव्हती.

रिकाम्या पट्ट्या बघायच्या तर २०२० चा ऑक्टोबर बघा. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. हेतू चांगला : नव्या मुलांनी ओपन सोर्समध्ये हात घालावा. त्या वर्षी चार पुल रिक्वेस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये सुचवलेले बदल) पाठवणाऱ्या पहिल्या सत्तर हजारांना टी-शर्ट होता. लोकांनी चार पाठवल्या. कशा? माहितीच्या फाइलमध्ये 'अमेझिंग प्रोजेक्ट' असं शीर्षक घालून, कुठे एक स्वल्पविराम हलवून. त्यात आपल्याकडच्या एका लोकप्रिय हिंदी व्हिडिओचा हातभार होता, असंही तेव्हा बोललं गेलं. नोकरी सांभाळून, फुकटात, रात्री जागून ते प्रोजेक्ट चालवणारी माणसं अमेझिंग पुसत बसली. शेवटी पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला : ज्या प्रोजेक्टने स्वतःहून 'या' म्हटलंय, तिथेच पाठवा.

टी-शर्ट वाईट नसतो. माझ्याकडे नऊ आहेत, त्यातले दोन कापसाचे.

आमच्या वेळी (हे शब्द लिहिताना हात थरथरला) मॉडेल कॉलनीत, आतुर सेंटरमध्ये लिनक्सवाल्यांची बैठक भरायची. बैठकीला जायचं म्हणजे स्वतःचं दुखणं घेऊन जायचं. मी सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरवर पायांमध्ये धरून नेला होता, सिंहगड रोडवरून. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलेलं, सगळं चालू, फक्त मोडेम मेलेलं. तिथल्या एकाने झाकण उघडलं, कार्ड बघितलं आणि डॉक्टर एक्स-रेकडे बघून हसतात तसा हसला. विनमोडेम. म्हणजे निम्मं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ढकलणारं स्वस्त कार्ड. त्याने ड्रायव्हर मिळवला, दोनदा फसला, तिसऱ्यांदा डायल टोन आला. पाचजणं टाळ्या वाजवत होती. मग तो म्हणाला, 'आता काय केलं ते लिहून काढ, पुढच्या महिन्यात असाच एकजण येईल.' मी दीड पान लिहिलं, दहा झेरॉक्स काढल्या. पुढच्या महिन्यात खरंच दोघं आले. त्या दिवसापासून मला तिथे नावाने हाक मारू लागले. मला तेव्हा लिनक्समधलं तेवढं एकच दुखणं कळत होतं.

तर परवा बाणेरला पिझ्झा आला आणि सगळे उठले. लिफ्टपाशी एक मुलगी उभी होती, दोनेक वर्षांच्या अनुभवाची असेल. पिशवी नाही, स्टिकर नाहीत. तिने माझ्या शेजारच्याला हळूच विचारलं, 'सर, तुम्ही बॅकअप रिस्टोअर करून बघता का कधी?' तो म्हणाला, 'रोज रात्री बॅकअप होतो आमचा.' ती म्हणाली, 'आमचाही व्हायचा. आठ महिने. मंगळवारी उघडून बघितला तर फाइल शून्य बाइटची. डिस्क भरली होती आणि स्क्रिप्ट तरीही 'सक्सेस' छापत होती.'

शेजाऱ्याने प्लेट खिडकीत ठेवली. मी फोन काढून ऑफिसातल्या पोराला मेसेज केला : गेल्या रविवारचा बॅकअप आत्ता उघडून बघ. आणखी तिघं वळले. एकाने विचारलं, स्क्रिप्ट एक्झिट कोड तपासत नव्हती का? ती म्हणाली, नाही, मीच लिहिली होती. कोणी हसलं नाही. दुसऱ्याने पेन काढलं आणि पिशवीतली कोरी वही पहिल्यांदा उघडली.

तेवढ्यात आयोजक आले. ग्रुप फोटो आहे, सगळे स्टेजपाशी या, आणि एक वाजता हॉल रिकामा करायचाय. आम्ही सहाजणं लिफ्टने खाली गेलो. समोरच्या टपरीवर बाकडं मोकळं होतं. दुसरा चहा होईपर्यंत फोन वाजला. पोरगा विचारत होता, 'सर, शून्य केबी दाखवतंय, बरोबर आहे ना?'