मयत तसा देवमाणूस

सातपूरच्या चौकात मान वर केली की फलकावरून एखादे गॉगलधारी दिवंगत 'युवा नेतृत्व' आपल्याकडे बघत असते. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली चाळीस शोकाकुल चेहरे, पैकी तिघे स्वतः जामिनावर. मयताच्या निर्मळ चालीचा हा पुरावा. त्याला हरकत घ्यायला कुणी वकील नसतो.

फलकाखालच्या टपरीवर दुसरेच दप्तर उघडते. फर्स्ट शिफ्ट सुटली की एमआयडीसीतले न्यायमूर्ती कटिंग घेऊन बसतात. हप्ता कुणाकडून घ्यायचा, कोयता कुठे ठेवायचा, सगळे दाखल होते. चहा निवायच्या आत निकाल: "गेला ते बरंच झालं, भाऊ."

तिसरे दप्तर पोलिसांचे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली गुंडाला तडीपार करता येते, मुदत दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी त्याचा पूर्वेतिहासच लागतो. साक्षीदार पुढे यायला धजत नाहीत म्हणून नावे झाकून जबाब घेतात. म्हणजे वस्ती या माणसाला भिते, हे खुद्द सरकारच लिहून देते. मग तडीपार इसम त्याच चौकात तलवारीने केक कापतो, ते निराळे.

आता समजा, त्याने एका वेल्डरवर कोयता उगारला, वेल्डरने हातातली पहार घातली आणि इसम गेला. वेल्डर कोर्टात सांगतो, "साहेब, भ्यालो. ह्यानं आधी दोघांना भोसकलंय." सरकारी वकील ताडकन उठतात: मयताच्या चारित्र्याचा इथे संबंध काय?

1872 चा पुरावा कायदा आरोपीच्या चांगल्या चालीला दार उघडत होता, वाईट चालीला एरवी बंद ठेवत होता. बलात्कारपीडितेची चाल उकरू देणारे पोटकलम मात्र 2002 अखेरपर्यंत सुखाने नांदले. मेलेल्या गुंडाच्या चालीसाठी स्वतंत्र कलमच नव्हते. जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमांचे आकडे हलले, ही जागा रिकामीच राहिली. त्यामुळे बचावाचे वकील आरोपीच्या मनाच्या दाराने आत शिरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 38 प्रमाणे मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल तर बचावात जीव घेतलेलाही माफ. भीती रास्त होती का, हे ठरवायला आरोपीला मयताबद्दल काय ठाऊक होते ते विचारावेच लागते. ठाऊकच नसेल, तर मयताचे दहा गुन्हे त्या भीतीच्या खात्यावर जमा होत नाहीत. तेव्हा सातपूरकरांनो, कोयता उगारणाऱ्याला आधी नम्रपणे विचारा, "दादा, मागचं रेकॉर्ड काय? आणि मला ते कळल्याची पोच देता का?"

शिवाय सरकारी मदत घ्यायला वेळ असेल तर बचावाचा हा हक्कच नाही. म्हणून डोक्यावर कोयता असताना 112 लावायचा आणि जवळची खूण सांगायची: गॉगलवाल्या फलकाखाली.

नागपूरने ही कटकटच ठेवली नाही. 13 ऑगस्ट 2004 रोजी जिल्हा न्यायालयातच जमावाने अक्कू यादव या गुंडाला संपवले. त्याची चाल कस्तुरबानगरला तोंडपाठ होती. ती ग्राह्य की अग्राह्य, यावर कुणाचे काही अडले नाही. 2014 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. खून भर कोर्टात झाला होता, हे विसरू नका.

आपल्या वेल्डरला मात्र पुढची तारीख पडली आहे. तोवर फलक बदलला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जागी 'प्रथम पुण्यस्मरण'. गॉगल तोच.